बारा व्होल्ट

लाईट गेली.
वेरेंच्या खालच्या वाड्यावर ती जाते तेव्हा
आधी पंखा दमतो, मग फ्रिज एक उसासा टाकतो
आणि पोफळींमधला काळोख
खिडकीच्या गजांतून सरळ आत येऊन बसतो.

आजचं कारण माकड.
ट्रान्सफॉर्मरवर चढलं, ठिणगी पडली, संपलं.
वीज खात्याचा उमाकांत फोनवर म्हणाला,
"सकाळी बघूया, काका. आता शिडी कोण धरणार?"
मीही एकतीस वर्षं शिडीवर काढलेली,
म्हणून काही बोललो नाही.

तांब्याच्या तारेचं एक बरं होतं:
बोलणं आणि वीज एकाच पायवाटेने यायची.
एक्सचेंजच्या मागच्या खोलीत बॅटऱ्यांची रांग.
आम्ही त्यांना पाणी पाजायचो, गोठ्यात पाजावं तसं,
आणि अठ्ठेचाळीस व्होल्ट निघायचे गावोगाव.
अख्खा तालुका अंधारात,
तरी काळा रिसीव्हर उचलला की कानाशी तो
हूंऽऽ.

ही नवी तार काचेची. केसाएवढी.
तिच्यातून नुसता उजेड धावतो
आणि त्या उजेडावर साधा दिवा लागत नाही.
पण गंमत बघा, फोंड्यापासून इथवर
वाटेत कुठेच वीज लागत नाही तिला.
व्हाळ ओलांडून, गावड्यांच्या फणसाला टेकून
तो उजेड आत्ता या घटकेलाही
आमच्या दारात उभा असतो.
झोपलेली असते ती आतली डबी.

वृंदाला हे समजावलं
तेव्हा ती नारळ खवत होती. मान वर न करता म्हणाली,
"म्हणजे पाहुणा आला आणि आपण कडीच काढली नाही."
एकतीस वर्षांत एकाही इंजिनियरने मला
इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

तर कडी काढायची सोय अशी:
फवारणीच्या पंपातली बॅटरी,
अजून तिच्यावर बोर्डो मिश्रणाचे निळे डाग.
बारा व्होल्ट. डबीलाही बाराच लागतात.
दोन वायरी, एक फ्यूज, एक पिन,
आत अधिक, बाहेर उणे.
पहिल्या वेळी उलट जोडून एक डबी मी जाळली.
ते वीज पडल्याच्या खात्यावर गेलं.
वृंदाला अजून सांगितलेलं नाही.

सात तास निघतात.
साडेनवापर्यंत गावड्यांची सुनयना सोप्यावर बसून
बोटीवरच्या नवऱ्याला मुलाचे मार्क सांगते,
गणिताचे हळू आवाजात.
मग मी वायफाय बंद करतो, नुसता फोन ठेवतो.
थेंब थेंब वाचवायचा.
मोबाईलला इथे दरीत रेंज नाही,
ती हवी तर बसथांब्यापर्यंत चढायचं,
आणि वृंदाचे गुडघे आता वरचा रस्ता विसरलेत.

सिद्धिकाची ड्यूटी मस्कतला एकला सुटते.
तिकडे एक, इकडे अडीच.
वॉर्डातून खाली येता येता ती लँडलाईन लावते,
रोज नाही, पण ज्या दिवशी एखादा पेशंट
हातातून गेलेला असतो, त्या दिवशी नक्की.
हे तिने कधी सांगितलं नाही.
आम्हीही कधी विचारलं नाही.

अडीच वाजून गेले. पावणेतीन.
डबीवरचा हिरवा ठिपका जागा आहे,
तांदळाच्या कणीएवढा.
"गेली काय हो बॅटरी?"
मी रिसीव्हर उचलून तिच्या चांगल्या कानाला लावतो.
हूंऽऽ.
हा आवाज आता फोंड्याहून येत नाही,
ही डबीच तो इथल्या इथे काढते,
मला माहीत आहे. पण ऐकताना
वृंदाचा चेहरा सैल पडतो.
थोडा वेळ आम्ही दोघं तसेच,
एका रिसीव्हरला धरून.

मग तीच दचकते:
"ठेवा, ठेवा खाली! तिला एंगेज लागेल."

ठेवला.